लाइट दिसली म्हणून आले

कोजागिरीच्या रात्री जागणाऱ्या बाईला लक्ष्मी विचारते, 'को जागर्ति?' कोण जागं आहे? बाकीच्या रात्री जागणाऱ्या बाईला नवरा विचारतो, 'अगं, ती लाइट बंद करतेस का?'

मी या दुसऱ्या प्रकारातली. वय तेव्हा त्रेपन्न. कऱ्हाडच्या कडेला, जिथं गाव संपतं आणि ऊस सुरू होतो, तिथल्या एका कॉलनीत राहते. घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा पुण्याला नोकरीला. कर्ज नाही, कटकट नाही. तरीही २०२२ च्या पावसाळ्यापासून झोपेनं माझ्याशी अबोला धरला. दहाला पडायचं, अकराच्या सुमाराला डोळा लागायचा आणि दीड-दोनला अंगातून वाफ निघाल्यासारखं होऊन जाग यायची. मानेखाली घाम, छातीत धडधड. पंखा वाढवला की शेजारी आमचे 'हे' पांघरूण ओढून पुन्हा घोरायला लागायचे. नवरा घोरतो याचा राग येत नाही हो, त्याला झोप लागते याचा येतो!

उपाय विचारू नका. दुधात जायफळ झालं. टाळूवर तेल थापून झालं. काशाच्या वाटीनं तळपाय घासून झाले, त्यानं पाय छान गुळगुळीत झाले. शंभरापासून उलटे आकडे मोजले, विष्णुसहस्रनाम म्हटलं. मोबाइल हातात घेतला तर तासभर अनोळखी बायकांच्या उकडीच्या मोदकांच्या कळ्या बघत बसले. एका मैत्रिणीनं सांगितलं, 'विचार करू नकोस.' रात्री दोन वाजता विचार न करणं कुणाला जमतं, मला सांगा! दिवसा आठवतसुद्धा नाहीत अशा गोष्टी तेव्हा रांगेनं येतात. १९९६ साली जाऊबाई चारचौघींत काय बोलल्या होत्या, मुलीच्या लग्नात मानपानात कुणाची साडी राहिली, आणि पोटात दुखतंय ते साधंच असेल ना...

पण या सगळ्यापेक्षा वाईट काय होतं सांगू? आख्ख्या जगात आपण एकट्याच जाग्या आहोत असं वाटणं. दिवसा कुणाला सांगावं तर लाज वाटायची. बाईला झोप येत नाही म्हटलं की समोरचा लगेच शोधक नजरेनं बघतो. घरात काही आहे का? मुलाचं काही? सासरी मुलगी सुखी आहे ना? म्हणजे आपण जागायचं आणि वर खुलासाही द्यायचा.

त्या वर्षी कोजागिरीला कॉलनीत मसाला दूध झालं, भेंड्या झाल्या, साडेबाराला सगळे जांभया देत घरी गेले. मी दोन वाजता पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात लाइट. म्हटलं, पातेली घासत असतील. दुसऱ्या रात्री पुन्हा लाइट. तिसऱ्या रात्रीही. चौथ्या दिवशी भाजीच्या गाडीवर त्या भेटल्या, तर मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "तुझी लाइट दिसते गं रात्रीची. बरी आहेस ना?"

मी घाबरून म्हटलं, "हो, ते पाणी प्यायला उठले होते."

"चारही रात्री?"

दोघी हसलो. चोरी पकडल्यावर दोन चोर हसतील तशा. काकूंचं वय बहात्तर. काका जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, मुलगा-सून बंगळूरला. गुडघे रात्री ठणकतात, म्हणून त्या उठून बसतात. "पलंगावर पडून छताकडे बघण्यापेक्षा ये की माझ्या व्हरांड्यात," त्या म्हणाल्या, "ग्रिल आहे, कडी आहे. सात पावलं तर आहेत."

ही सात पावलं टाकायला मला आठ दिवस लागले. 'हे' म्हणाले, "रात्री-अपरात्री बायकांनी घराबाहेर पडायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक झोपलेले असतात. तेच तर माझं दुःख आहे!

अशी आमची बैठक सुरू झाली. काकूंनी ट्रंकेतून काकांची धोतरं आणि त्यांच्या सासूबाईंची नऊवारी लुगडी काढली. टाकवत नव्हती आणि वापरात नव्हती. म्हणाल्या, "वाकळ घालूया." रात्री मशीन चालवायची सोय नव्हती, सगळं हातानं. अस्तर अंथरायचं, तुकडे लावायचे आणि कडेनं धावदोरा घालत आत आत यायचं. बोलायलाच हवं असं काही नाही. पाठीमागच्या रस्त्यानं कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर जायचे, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले आणि स्पीकर एवढा मोठा, की भिंतीवरची तसबीर हलावी. ट्रॅक्टर गेला की काकू म्हणायच्या, "हाही जागाच आहे बघ."

काही नियम आपोआप ठरले. झोपेबद्दल बोलायचं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही; काकूंनी भिंतीवरच्या घड्याळावर चक्क टॉवेल टाकला. चहा नाही, दूध चालेल. आणि जिला जांभई येईल तिनं सुई टोचून ठेवायची, उठायचं आणि निघायचं. 'येते हं', 'उद्या भेटू' काही नाही, कारण आपल्या बायकांचा निरोप अर्धा तास चालतो आणि तेवढ्यात आलेली झोप उडून जाते.

तिसरी आली ती मागच्या गल्लीतली. तिला मी वहिनी म्हणते. नवरा शेती करतो. एका रात्री ग्रिलपाशी उभी राहून म्हणाली, "ताई, लाइट दिसली म्हणून आले. कुणी आजारी हाय का?" मग आत आली, बसली आणि हळूहळू सगळं सांगितलं. शेतीपंपाला वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की नवरा एकटा बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जायचा. "परवा बिबट्यानं वस्तीवरचं कुत्रं न्हेलं. मोटार चालू केली की ह्यांचा फोन येतो, बंद केली की येतो. मधल्या टायमाला काय करायचं? डोळं मिटलं की बिबट्याच दिसतो." कऱ्हाड-पाटणच्या उसात बिबट्या ही काही गोष्टीतली भीती नाही. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते आणि तोडणीच्या वेळी ती पिल्लं सापडतात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. (दिवसा वीज मिळावी म्हणून आता सौर पंप आणि सौर वाहिन्या बऱ्याच ठिकाणी आल्यात. पण रात्रीच्या पाण्यानं किती घरांतल्या बायका जागवल्या, याची मोजदाद कुणी केली नसेल.)

वहिनीजवळ एक चिमुकली गोळी होती. मेडिकलवाल्याकडून ओळखीनं आणलेली. आधी अर्धी, मग एक, मग दोन. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत असा कायदा आहे, पण ओळख ही आपल्याकडे चिठ्ठीपेक्षा मोठी! एका पहाटे ती न्हाणीघरात झोकांडी जाऊन पडली, कपाळाला टेंगूळ आलं. आम्ही दोघी शहाण्यांनी तिला दम भरला, "फेकून दे ती पाकिटं!" तिनं खरंच फेकली. पुढच्या तीन रात्री बिचारीचे हात थरथरत होते, घाम फुटत होता, सुई धरता येईना. डॉक्टरांनी नंतर आम्हालाच झापलं. सवय झालेली झोपेची गोळी एकदम बंद करायची नसते, टप्प्याटप्प्यानं कमी करायची असते. एकदम तोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. ती आमची चूक. माया होती, पण अक्कल कमी पडली.

आता चौथीबद्दल सांगते. खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

कोपऱ्यावरच्या घरातली सून. पहिलं बाळंतपण माहेरी करून पाचव्या महिन्यात सासरी आलेली. वय सव्वीस. बाळ रात्री रडायचं, ती त्याला घेऊन गच्चीत फेऱ्या मारायची, आम्हाला दिसायची. काकूंनी हाक मारली, "ये गं इकडे, आम्हीही जाग्याच." तेव्हापासून ती बाळाला घेऊन यायला लागली. बाळाला काकू मांडीवर घ्यायच्या, ठणकणाऱ्या गुडघ्यांवर. बाळ वाकळीच्या उबेत पाच मिनिटांत झोपायचं. आम्हाला वाटायचं, चला, आता हिला डुलकी लागेल.

ती डुलकी घ्यायचीच नाही. बाळ तास-तास झोपलेलं आणि ही टक्क उघड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसलेली. आम्ही हसत होतो तेव्हा हसायची नाही. वहिनीनं बिबट्याचा किस्सा सांगितला, तिचं लक्षच नव्हतं. मला आपलं वाटलं, दमलीय पोर. बाळंतीण जागी असणारच, त्यात काय! पण काकूंची नजर वेगळी. एका रात्री त्या म्हणाल्या, "बाळ निजलंय. तू पड थोडी, मी बघते त्याला."

ती म्हणाली, "मला झोप येतच नाही, आजी. बाळ झोपलं तरी येत नाही. घरी आई म्हणतात, बाळ झोपतं तेव्हा तूही झोपत जा. मी पडते, पण डोकं थांबत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "कधीकधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर सुटेन मी."

माझ्या हातातली सुई तिथंच थांबली. असं काही ऐकलं की आपण पटकन काय म्हणतो? 'असं बोलू नये गं, सोन्यासारखं बाळ आहे.' माझ्या ओठांवर तेच होतं. काकूंनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि तिला सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का तुला?" मी हादरले. असं कुणी विचारतं का? पण ती पोर रडायला लागली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, "गच्चीत गेले की वाटतं."

आम्ही रोज तिला गच्चीत फेऱ्या मारताना बघत होतो.

त्या वेळी केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन नुकतीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली होती. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट. माझ्या मुलानं कधीतरी सांगितलेला नंबर मी शिवणाच्या वहीत लिहून ठेवला होता, गिऱ्हाइकांच्या मापांच्या मध्येच. रात्री अडीच वाजता तो लावला. पलीकडून एक बाई मराठीत बोलल्या. शांतपणे, घाई न करता. आधी माझ्याशी, मग तिच्याशी. तिला एकटी सोडू नका, घरच्यांना आत्ताच सांगा आणि सकाळी डॉक्टरांकडे न्या, म्हणाल्या. वहिनी जाऊन तिच्या नवऱ्याला उठवून घेऊन आली. तो बिचारा बनियनवरच धावत आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. वाईट माणूस नव्हता हो, झोपलेला माणूस होता.

सकाळी दहाला तिची सासू, मी आणि ती, तिघी मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. सासू वाटेत पुटपुटत होती, "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला..." पण आली, आणि आत गेल्यावर सुनेचा हात तिनंच धरला. डॉक्टरांनी तिघींना समजावून सांगितलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, नखरा नव्हे आणि आईची माया कमी असल्याची खूण तर मुळीच नव्हे. बाळ रडतं म्हणून आई जागते, हे नेहमीचं. पण बाळ शांत झोपलेलं असताना, संधी असतानाही आईला झोप येत नसेल, तर तिकडे लक्ष द्यायलाच हवं. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं असतात. आणि औषधाइतकंच महत्त्वाचं, रात्री सलग चार-पाच तास बाळाला दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं. ती पाळी सासूनं घेतली, एका फीडची नवऱ्यानं. महिना-दीड महिना लागला, पण पोर हळूहळू वर आली.

डॉक्टरांकडे गेलेच होते, म्हणून माझंही सांगितलं. थोडा संकोच वाटला, तिच्यापुढे माझं दुखणं ते काय! पण त्यांनी वहीच काढली. आठवड्यात तीन रात्री असं होतं का? हो. तीन महिन्यांपेक्षा जास्त झाले? हो. मग हा निद्रानाश, याला उपचार लागतो, म्हणाल्या. निद्रानाश पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो आणि पाळी जाण्याच्या वयात तर फारच. रात्री वाफा येऊन जाग येते ती त्यामुळेच. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. घरचं कुणी फार घोरत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखं होत असेल तर तेही दाखवा म्हणाल्या. (यांना घेऊन जायला मला पुढे सहा महिने लागले, तो वेगळा लेख होईल.)

मग त्यांनी विचारलं, "दुपारी झोपता?" मी म्हटलं, "हो, रात्रीची भरपाई. दीड-दोन तास." त्या हसल्या. "दुपारी चारला भरपेट भजी खाल्ली तर रात्री जेवण जाईल का? झोपेचंही तसंच आहे. दिवसभर जागून तिची भूक वाढावी लागते." संध्याकाळी सहाचा माझा कडक चहाही त्यांनी काढून घेतला. चहातलं कॅफीन अर्धं उतरायलाच पाच-एक तास लागतात. त्याशिवाय शरीरात एक घड्याळ असतं आणि ते रोज सकाळच्या उजेडावर लावून घ्यावं लागतं. हे घड्याळ पेशीत कसं चालतं, ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. म्हणून रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची.

मी भीत भीत आमच्या बैठकीचं सांगितलं. वाटलं, आता ओरडणार. तर त्यांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाल्या, "झोप येत नसेल तर अंथरुणात लोळत पडायचं नाही, उठून मंद उजेडात काहीतरी संथ काम करायचं आणि झोप आली की लगेच परत जायचं, हे आम्ही पेशंटला शिकवतो. रिचर्ड बुट्झिन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली मांडलेली पद्धत आहे ती. घड्याळही बघू नका म्हणतो आम्ही. तुम्हाला कुणी सांगितलं हे?" मी म्हटलं, "काकूंनी. त्यांनी घड्याळावर टॉवेल टाकला." फक्त पिवळा छोटा बल्ब लावा आणि दोन-चार तास रंगणारी मैफल करू नका, एवढीच सुधारणा त्यांनी सुचवली.

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांना कणभरही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, "आम्ही लहान होतो तेव्हा आई आणि चुलती पहाटे तीनला जात्यावर बसायच्या. एका खुंट्याला दोघींचे हात. अंधारात ओव्या म्हणायच्या, त्यात सगळं रडून घ्यायच्या, आणि दिवस उगवला की तोंड धुऊन कामाला." मला हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या कामाची आठवण झाली. गावोगाव फिरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. मंगळागौरीला, हरतालिकेला आपण जागतोच. म्हणजे बायकांचं जागणं जुनंच आहे. पिठाची गिरणी आली हे फार बरं झालं, त्यात वाद नाही. पण खुंट्यावरचा तो दुसरा हात तेवढा गेला.

दुपारची झोप सोडली तेव्हा पहिले पंधरा दिवस मी चालता-चालता पेंगत होते. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या जोडल्या. पण दोनेक महिन्यांत रात्रीची जाग दोन-दोन दिवसांआड यायला लागली. वाफांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी वेगळे उपचार दिले. वहिनीची गोळी डॉक्टरांनी चार महिन्यांत हळूहळू सोडवली आणि तिच्या नवऱ्यानं रात्री पाण्याला जाताना भावकीतला एक पोरगा सोबत न्यायला सुरुवात केली. सुनेचं बाळ आता अंगणवाडीत जातं. ती रात्री दहाला घोरते, असं तिची सासू कौतुकानं सगळ्या कॉलनीला सांगते.

काकूंचे गुडघे मात्र तसेच आहेत. त्यांना झोप कमीच. "मला एकटीला टाकून झोपायला लागलात होय गं सगळ्या," असं म्हणून त्या आमच्यावर रुसतात. वाकळ अजून पुरी झालेली नाही. मध्यभागी हातभर जागा राहिलीय.

परवा रात्री मला पुन्हा जाग आली. कारण काही नाही. थोडा वेळ पडून राहिले, मग उठले. समोर पिवळा बल्ब होता. मी ग्रिलची कडी काढली, तर काकू म्हणाल्या, "आलीस का? बरं झालं. या सुईत दोरा ओवून दे, मघापासून जमेना."